चौथी गोळी का अडकते

पोलिसांबद्दल चांगलं लिहायची मला सवय नाही. पत्रक लिहायचं तर समोर दोषी लागतो, आणि त्याला शोधत मला आजवर कधी फिरावं लागलं नाही. डोंगराकडची एस.टी. बंद झाली, दोषी हजर. शेतीपंपाला वीज रात्रीचीच आणि उसात बिबट्या बसलेला, दोषी हजर. हे लिहिताना मात्र अडखळते आहे. यातही दोषी आहे, पण आपलं नाव त्यांनी स्वतःच मला सांगितलं आणि ते मी नीट लिहिलंय का, हेही तपासून घेतलं.

बुधाजी गवारी, हवालदार. सगळे त्यांना गवारीमामा म्हणत. ठाणं कुठलं ते सांगत नाही. जुन्नर-आंबेगावच्या लोकांना कळेल, बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

आमच्याकडे मंत्री यायचा असला की सकाळीच दोन पोलीस दारात येतात आणि 'ताई, चला जरा' म्हणतात. आम्ही काळे झेंडे दाखवू नयेत म्हणून. मंत्री ओझरला विघ्नहराचं दर्शन घेऊन, जेवून, पुण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही ठाण्यात बसायचं. कायद्यात याला सभ्य नाव आहे. मी त्याला दिवसाढवळ्या पळवून नेणं म्हणते, आणि तसं छापलंही आहे. चार वर्षांत माझं हे नऊ वेळा झालं, त्यामुळे ठाण्यातलं माझं बाकडंही ठरून गेलं होतं. हत्यारांच्या खोलीसमोरचं. खोलीच्या जाळीच्या दारामागे गवारीमामा. हत्यारं देणं, परत घेणं, पुसणं आणि बिघडलं तर खोलून बघणं ही त्यांची नोकरी.

माणूस लहानखुरा, काटक, भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातला. ठाण्याच्या सपाट फरशीवरूनही ते भातखाचराच्या बांधावरून चालल्यासारखे एका पावलापुढे दुसरं पाऊल टाकत. चष्म्याला बंदुकीची नळी पुसायची दोरी बांधून ती गळ्यात अडकवलेली. नखांच्या कडेला तेलाची काळी रेघ, ती दिवाळीच्या अभ्यंगस्नानालाही निघत नसावी.

पहिल्याच खेपेला माझा पत्रकांचा गठ्ठा जप्त झाला. तासाभराने पाहते, तर मामांनी त्यातली चार पत्रकं टेबलावर अंथरून त्यांवर पिस्तूल खोलून मांडलेलं. नळीखाली 'जागे व्हा', स्प्रिंगखाली 'धिक्कार असो'. मी जाळीशी जाऊन बोलायचं ते सगळं बोलले. हा कागद लोकांच्या वर्गणीतून छापलेला आहे, हे दडपशाहीचं टोक आहे, वगैरे. मामांनी मान वर केली नाही. कागद चांगला आहे, तेल पीत नाही, एवढंच म्हणाले. मग पुसता पुसता वाचू लागले.

"लीडर, तुमची चार नंबरची मागणी आन् सात नंबरची एकच हाय. सायब लोक एक मंजूर करतील आन् दोन केल्या म्हणतील."

मी पाहिलं. एकच होती. त्या दिवसापासून मी त्यांची लीडर झाले, आणि मागण्या छापण्याआधी दोनदा वाचू लागले.

मामांचं सगळं जग एका क्रमावर चालायचं. हत्यार अडकलं की आधी ते रिकामं करायचं, नळी भिंतीकडे, बोट बाहेर. मग बघायचं ते या ओळीने: माणूस, गोळी, मॅगझिन, आणि सगळ्यांत शेवटी हत्यार. मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची गोळ्यांची डबी. तिच्या आत स्प्रिंग असते, ती एकेक गोळी वर ढकलत राहते. हे मला बाकड्यावर बसून पाठ झालं. "हत्याराचं नाव शेवटी घ्यायचं," मामा म्हणत. "त्याला बोलता येत न्हाई, म्हणून समदे त्याच्यावर ढकलत्यात."

हाच क्रम ते जगातल्या प्रत्येक वस्तूला लावत. पिंपरी पेंढारचा एक शेतकरी एकदा फवारणीचा पंप पाठीला लावूनच आला. चुलतभावाने मुद्दाम बिघडवला, गुन्हा दाखल करा म्हणत होता. मामा चहाचा कप घेऊन चालले होते, ते थांबले. पंप रिकामा आहे का, विचारलं. मग फवारलं कुणी, औषध कुठलं, टाकी कधी धुतली, असं करत करत शेवटी पंपावर आले. वायसर उलटा बसला होता, आणि तो बसवला होता खुद्द तक्रारदाराने. पाच मिनिटांत पंप चालू. शेतकऱ्याने ठाण्यासमोरच्या तुळशीवर पाणी फवारून खात्री केली आणि खाली मान घालून गेला. मी बाकड्यावरून हरकत घेतली. नागरिकाची तक्रार नोंदवून घेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, तिथल्या तिथे मिटवणं नव्हे. मामा म्हणाले, "नोंदवू की. कुणाच्या नावानं? वायसरच्या?"

बेल्ह्याच्या बाजारातही मी त्यांना पाहिलं आहे, मी पत्रकं वाटत होते तेव्हा. रजा टाकून बैल घ्यायला आले होते. बैलाच्या अंगावरचं सगळं उतरवायला लावलं, दोर, घुंगरं, झूल, आणि त्याला मोकळा चालवायला सांगितलं. व्यापारी वैतागला. म्हणाला, "हवालदार, बैल हाय राव. दाबला तरी सुटायचा न्हाई." मामांनी बैलाकडे पाहिलंच नाही. ते बराच वेळ व्यापाऱ्याचं तोंड न्याहाळत उभे राहिले आणि बैल न घेता परत आले. मी कारण विचारलं तर म्हणाले, पहिलाच प्रश्न नापास झाला, पुढं कशाला जायचं.

आता पिस्तुलाकडे येते.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा होते. माझं मत मी लपवत नाही: सरकारी इमारतीत, सरकारी हत्यारांवर, सरकारी वेळेत हे प्रकार होऊ नयेत. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी आमचा एस.टी.साठी रास्ता रोको होता आणि त्याचं निवेदन द्यायला मी ऐन पूजेत पोचले. पाटावर पिस्तुलं, भिंतीशी रायफली, आणि मॅगझिनं सगळी काढून डाव्या हाताला ओळीने मांडलेली. पूजेच्या हत्याराला मॅगझिन लावलेलं नसावं, हा मामांचा नियम. फुलं, हळदकुंकू, अक्षता सगळं यथासांग चाललं होतं. मी माझं मत ऐकवलं. मामांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो खाल्ला. पेढ्याशी माझं भांडण नव्हतं.

महिनाभराने गोळीबाराचा वार्षिक सराव झाला आणि तिथे फौजदार शेळके मॅडमचं पिस्तूल अडकलं. या ठाण्यातल्या एकट्याच बाई अधिकारी. मला दोनदा त्यांनीच उचललेलं आहे, तेव्हा त्यांची बाजू घ्यायचं मला काही कारण नव्हतं. त्यांच्या पिस्तुलातून तीन गोळ्या सुटल्या, चौथी अडकली. पिस्तूल मोकळं करून पुन्हा भरलं. पुन्हा तीन सुटल्या, पुन्हा चौथी अडकली. तिथल्या परीक्षक साहेबांनी शेरा मारला: मनगटात जोर नाही, हत्यार हाताळणी असमाधानकारक.

मनगट ढिलं पडलं की गोळी अडकू शकते, हे खरं आहे. मामांनीच मला सांगितलं. पण पुरुषाचं पिस्तूल अडकलं तर पिस्तूल जुनं आणि बाईचं अडकलं तर मनगट कच्चं, हा कुठला न्याय? दुसरं मॅगझिन लावून बघायला अर्धं मिनिट लागतं. परीक्षक साहेबांनी ते अर्धं मिनिट शेरा लिहिण्यात घालवलं.

मॅडमना आठ दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. तो पटला नाही तर पिस्तूल जमा, बाहेरची कामं बंद, आणि त्यांनी खोलीत बसून पासपोर्टचे अर्ज तपासायचे. बिबट्या वस्तीत शिरला की गर्दी मागे सारायला पुढे होणारी बाई ही. ठाण्यातल्या मर्दांना तर उत्सव मिळाला. एका शिपायाने माझ्यादेखत त्यांना लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडून देऊ का, असं अदबीने विचारलं. मॅडमनी बरणी स्वतः उघडली, त्याच्या डब्यात एक फोड घातली आणि त्याला भर उन्हात चौकात उभं राहायच्या ड्युटीवर पाठवलं. 

आठातले सहा दिवस गेले आणि मंत्री आले. म्हणून मी बाकड्यावर. पिशवीत कालच छापून आणलेलं 'मनगटाचा अपमान' हे पत्रक होतं. मामांनी जाळीतून हात काढून एक मागून घेतलं आणि टेबलावर अंथरलं. मॅडम पिस्तूल घेऊन आत गेल्या. जाळीचं दार उघडंच होतं.

मामांनी पिस्तूल रिकामं केलं, नळी भिंतीकडे केली, आणि मॅडमना म्हणाले की हात लांब करून उभ्या राहा. मला वाटलं, हेही त्यातलेच. मी उठून उभी राहिले. मामांनी पिस्तुलाच्या टोकावर एक नाणं ठेवलं आणि घोडा दाबायला सांगितला. मॅडमनी दाबला. टक्. नाणं हललं नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. नाणं जागच्या जागी.

मी म्हणाले, तुम्हीसुद्धा आधी बाईलाच तपासता.

"मानसाला पहिलं तपासायचं ते सोडून द्यायला, लीडर," मामा म्हणाले. "शेवटी तपासलं तर तवर त्याची पार अब्रू जाती."

मग गोळ्या. खोट्या, सरावाच्या. मॅगझिनमध्ये भरून, पिस्तुलाचा वरचा भाग हाताने मागे ओढत, ते एकेक गोळी पुढे सरकवू लागले. एक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. चौथी वाकडी होऊन अडकली. तीच गोळी पुसून पहिल्या जागी घातली तर निमूट गेली. गोळी निर्दोष. मॅडमच्याच पिस्तुलाला दुसरं मॅगझिन लावलं. सगळ्या गेल्या. मॅडमचं मॅगझिन दुसऱ्या पिस्तुलाला लावलं. चौथी अडकली.

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. मनगट आरोपातून सुटलं होतं. मी जाळीपाशी उभी राहून टाळ्या वाजवल्या, आणि ठाणे अंमलदाराने मला आठवण करून दिली की मी ताब्यात आहे.

मामांनी मॅगझिनचं बूड सरकवलं, स्प्रिंगवर अंगठा धरला आणि ती सावकाश बाहेर घेतली. पूर्वी एकदा अशीच स्प्रिंग उडून थेट मोठ्या साहेबांच्या चहात गेली होती, तेव्हापासून हा अंगठा. मग डबी पत्रकावर उपडी करून टिचकी मारली. काही पडलं नाही. दुसरी टिचकी. 'अपमान' या शब्दावर एक लालसर कण पडला.

तांदळाचा दाणा. तेलात भिजून, कुंकवात घोळून दगड झालेला. मॅगझिनच्या बाजूला गोळ्या मोजायला बारीक भोकं असतात, त्यांतल्या एकातून तो आत गेला होता. गोळ्या वर येता येता नेमकी चौथीची पाळी आली की तो कडेला अडायचा.

मला तर लॉटरी लागली. सरकारी शस्त्रपूजा आणि सरकारी पिस्तूल बंद. पत्रकाचा मथळा डोळ्यांसमोर आला. पण मामांचं काम संपलं नव्हतं. त्यांनी दाणा चिमट्यात धरला, चष्मा वर केला, खाली केला. नखाने त्यावरचं कुंकू खरवडलं. आणि चिमटा खाली ठेवला.

"ह्यो आंबेमोहर हाय," ते म्हणाले. "माज्या खाचरातला."

अक्षतांचे तांदूळ दर वर्षी मामा घरून आणत. दुकानचा तांदूळ लांबट, हा आखूड. पूजेला मॅगझिनं काढून ठेवायचा नियम त्यांचा. अक्षता त्यांच्या. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक मॅगझिनचं बूड उघडून आतून पुसायचं, हाही नियम त्यांचाच. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी ते त्यांनी केलं नव्हतं, कारण ठाण्यातली सगळी माणसं रस्त्यावर होती. रास्ता रोको कुणाचा होता, ते मी वर लिहिलंच आहे.

मामांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. आख्ख्या नोकरीत त्यांच्या नावावर एक वाकडी ओळ नव्हती. मॅडम हळूच म्हणाल्या, "मामा, स्प्रिंग थकली होती असं लिहू. बदलली, संपलं. कुणी विचारणार नाही."

"स्प्रिंग चांगली हाय, मॅडम. तिच्यावर आळ कशाला?"

मग ते बाहेर आले आणि बाकड्यावर माझ्या शेजारी बसले. नऊ खेपांत पहिल्यांदाच. म्हणाले, "लीडर, तुमी लोकांच्या विरोधात लई झकास लिवता. जरा माज्या विरोधात लिवून द्या."

मी लिहायला बसले. आजवर कधी एवढा वेळ लागला नव्हता. 'पूजेच्या वेळी मॅगझिनमध्ये अक्षता गेल्याचे आढळून आले असून बंदोबस्तामुळे पुढील साफसफाई होऊ शकली नाही.' मामांनी वाचलं आणि परत दिलं.

"ह्यात मानूसच न्हाई. साफसफाई कुणी केली न्हाई?"

मी म्हणाले, बंदोबस्त होता ना.

"बंदोबस्त हे कारण न्हाई, ते काम हाय. आन् तहसीलदाराबद्दल लिवता तवा पहिल्याच वळीत नाव असतंय, जाड अक्षरात. माजं का न्हाई?"

मी दुसरा कागद घेतला. 'मी, हवालदार बुधाजी गवारी, यांनी मॅगझिन उघडून साफ केले नाही. फौजदार शेळके यांच्या मनगटाचा याच्याशी काहीही संबंध नाही!' मामांनी दोनदा वाचलं. आधी म्हणाले, 'यांनी' काढा, मीच हाय. मग शेवटचं उद्गारचिन्ह खोडलं. हे खिळे कशाला ठोकता, असं विचारलं. खाली सही केली.

शस्त्रपूजेवरच्या पत्रकाचं मी त्यांना सरळ सांगितलं. छापणार, मी म्हणाले. ते म्हणाले, छापा की, खरंच हाय ते, पण मग मॅगझिनची भोकं, मामाचा नियम, दुसऱ्या दिवसाचा रास्ता रोको, समदं छापा. मी प्रयत्न केला. एका कागदाच्या एका बाजूला ते मावेना. माझं मत अजून तेच आहे, पण पत्रक निघालं नाही.

मॅडमचा शेरा रद्द झाला. मामांना सक्त ताकीद मिळाली, लेखी. निरोप समारंभाला मी गेले होते, कुणी न उचलता. मोठे साहेब भाषणात म्हणाले, गवारींची सेवा निष्कलंक आहे. मामा खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले, "सायब, एक हाय." साहेब थांबले. पुन्हा निष्कलंकवर आले. मामा पुन्हा उठले. शेवटी साहेबांना 'एक वगळता निष्कलंक' असं म्हणावं लागलं, तेव्हा कुठे मामांनी नारळ घेतला.

त्यांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या दसऱ्याला. मी दुसऱ्या एका मोर्चाचं निवेदन घेऊन गेले होते. या वेळी मोर्चा आठ दिवसांनी ठेवला होता, तो का, हे आमच्या समितीत मी कुणाला सांगितलं नाही. मामांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. पांढरं धोतर, पांढरी टोपी, गळ्यात चष्म्याची तीच दोरी. पुडीतून त्यांनी अक्षता काढल्या, मोजून पाच दाणे, आणि कुंकवाच्या वाटीत घोळल्या. पुडी माझ्याच पत्रकाची होती. मॅगझिनं परातीखाली झाकलेली. नवा नियम असा की पूजा आटोपली की पाची दाणे परत मोजायचे, मगच परात उचलायची. शेळके मॅडमनी पहिलं कुंकू मामांना लावलं. पूजा झाली. मामांनी दाणे गोळा केले.

चार.

मग काय सांगावं. पिस्तुलं एकेक करून उलटी झाली. फुलं झटकली, पाट उचलला. शिपाई ओणवे, ठाणे अंमलदार ओणवे, मोठे साहेब टोपी काढून कपाटाखाली बघताहेत. बरणीवाला शिपाई माझ्या चपला तपासून गेला. मीसुद्धा गुडघ्यांवर बसले. मामा धोतर खोचून, हातात टॉर्च घेऊन, टेबलाखाली अर्धे शिरलेले. कुणाला परात उचलू देईनात.

शेळके मॅडम तेवढ्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं. बराच वेळ मजा बघून मग म्हणाल्या, "मामा, पहिला प्रश्न कुठला?"

टेबलाखाली टॉर्च थांबला. मामा मागे मागे सरकत बाहेर आले, सावकाश उभे राहिले.  त्यांनी हात वर नेला, कपाळावरच्या कुंकवात चिकटलेला दाणा दोन बोटांनी काढला, आणि पाटावरच्या चार दाण्यांशेजारी ठेवला.

"पाच," ते म्हणाले. "उचला परात."